हकिमांची बयाज आणि माँट्रियलचं ग्रंथालय

गेल्या वर्षी रमजानच्या आधी आमच्या मशिदीची साफसफाई चालली होती. वजूखान्याजवळ एक लोखंडी पेटी आहे. फाटलेले पारे, कुरआनची सुटलेली पानं, पंचसूरे, जुनी उर्दू कॅलेंडरं असं सगळं लोक त्या पेटीत आणून टाकतात. अल्लाहचं नाव असलेला कागद पायदळी येऊ नये, हा त्यामागचा अदब. वर्षातून एकदा ही पेटी रिकामी करायची, कागद गोण्यांमध्ये भरायचे आणि गावाबाहेरच्या जुन्या विहिरीत ‘ठंडे’ करायचे, अशी आमच्याकडची पद्धत आहे.

मी पोचलो तेव्हा तीन गोण्या विहिरीकडे गेल्या होत्या. चौथीचं तोंड बांधायचं राहिलं होतं. वरच एक पिवळा पडलेला, शाईने लिहिलेला कागद दिसला म्हणून मी तो उचलला. मुलं म्हणाली, “सर, रहने दो, अरबी में लिखेला है, पाक चीज है.”

अरबी नव्हतं ते. उर्दू होतं. पानाच्या माथ्यावर ‘हुवश्शाफी’ लिहिलं होतं, म्हणजे ‘बरं करणारा तोच’. युनानी हकीम कुठलाही नुस्खा लिहिण्याआधी हे शब्द लिहितात. त्याखाली यादी होती : उन्नाब पाच दाणे, सपिस्तां नऊ दाणे, गुलबनफ्शा, खत्मी, मुलेठी. सर्दी-खोकल्याचा साधा जोशांदा. पण मला थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. सपिस्तांच्या खाली बारीक उर्दू अक्षरात लिहिलं होतं ‘भोकर’. मुलेठीच्या खाली ‘जेष्ठमध’. हकीमसाहेबांनी फारसी नावाखाली मराठी नाव उर्दू लिपीत टिपून ठेवलं होतं. रोगी शेतकरी होता, दुकानदार मराठी होता. ‘सपिस्तां’ मागितलं तर कुणी काय दिलं असतं?

त्या गोणीत अशी अकरा पानं सापडली. ती एका बयाजची होती. बयाज म्हणजे हकिमाची स्वतःची वही; अनुभवाने पारखलेले नुस्खे, रोग्यांच्या नोंदी, औषधांची नावं असं सगळं तिच्यात असतं. बाकीची वही आधीच्या तीन गोण्यांबरोबर पाण्यात गेली होती. चौकशी केली तर ती माझ्याच एका माजी विद्यार्थिनीच्या घरची निघाली. ती आता एका लॅबमध्ये रक्त-लघवीच्या तपासण्या करते. म्हणाली, “सर, पणजोबांची वही होती. घरात कुणाला उर्दू येत नाही. अम्मीला वाटलं कुरआनशरीफच असेल, म्हणून अदबीने मशिदीत दिली.”

अदबीने. हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. ती वही कुणी रद्दीत विकली नाही, कुणी जाळली नाही. आपल्याच माणसांनी, पूर्ण श्रद्धेने, ती पाण्यात सोडली. कारण एकच : वाचता येत नव्हतं.

हे सांगण्याचं कारण असं की, त्याच दिवसांत मी कॅनडातल्या एका वैद्यकीय ग्रंथालयाबद्दल वाचत होतो. माँट्रियल शहरातल्या मॅकगिल विद्यापीठाचं ते ऑस्लर ग्रंथालय. वैद्यकाच्या इतिहासाची पुस्तकं आणि हस्तलिखितं जपणारं हे ठिकाण जगात नावाजलेलं आहे. मी तिथे गेलेलो नाही. पण त्याची गोष्ट वाचताना पेटीतली ती अकरा पानं सतत डोळ्यांपुढे येत राहिली.

एका डॉक्टरची पुस्तकं

विल्यम ऑस्लर हा मूळ कॅनडाचा. जन्म १८४९ चा. १८७२ मध्ये तो मॅकगिलमधून डॉक्टर झाला, तिथेच दहा वर्षं प्राध्यापक राहिला. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फिया, मग बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स, आणि १९०५ पासून इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड. विद्यार्थ्याला वर्गात बसवून ठेवण्यापेक्षा रोग्याच्या खाटेपाशी नेऊन शिकवावं, हा त्याचा आग्रह. १८९२ मध्ये आलेलं त्याचं वैद्यकाचं पाठ्यपुस्तक डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी वाचलं. म्हणजे माणूस पक्का आधुनिक. त्याच पुस्तकात तो त्या काळच्या निम्म्याशिम्म्या औषधांवर अविश्वास दाखवतो.

आणि हाच माणूस आयुष्यभर जुनी वैद्यकाची पुस्तकं गोळा करत होता. त्यातले नुस्खे वापरण्यासाठी अर्थातच नाही. आपण आज जे जाणतो ते कुठून कुठून आलं, कुणी काय चूक केली, कुणी ती सुधारली, हे डॉक्टरला माहीत असलं पाहिजे, असं त्याला वाटे. त्याचा एकुलता एक मुलगा रिव्हीअर हाही पुस्तकवेडा. १९१७ च्या ऑगस्टमध्ये तो पहिल्या महायुद्धात बेल्जियमच्या आघाडीवर जखमी होऊन गेला. वय अवघं एकवीस. त्यानंतर दोन वर्षांनी, २९ डिसेंबर १९१९ रोजी ऑस्लरही गेला. मागे जवळपास आठ हजार ग्रंथ होते. ते त्याने ज्या विद्यापीठात शिकला त्या मॅकगिलला देऊन ठेवले होते.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. पुस्तकं लगेच पेट्यांत भरून जहाजावर चढवली नाहीत. आधी सूची पूर्ण करायची, असं ठरलेलं होतं. ऑस्लरने स्वतः सूचीचं काम सुरू केलं होतं, अनेक नोंदींखाली आपल्या टिपा लिहिल्या होत्या. ते काम त्याच्या नात्यातले डॉ. फ्रान्सिस आणि त्यांचे दोन सहकारी हिल आणि मॅलक यांनी हाती घेतलं. त्याला जवळजवळ दहा वर्षं लागली. १९२९ मध्ये ‘बिब्लिओथेका ऑस्लेरियाना’ या नावाने ती सूची ऑक्सफर्डहून छापून निघाली. साडेसात हजारांहून अधिक नोंदी. त्याच वर्षी २९ मे रोजी माँट्रियलमध्ये ग्रंथालय उघडलं. फ्रान्सिस त्याचे पहिले ग्रंथपाल झाले आणि पुढची तीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी तेच काम केलं. ऑस्लरच्या अस्थी त्याच दालनात, पुस्तकांच्या सोबतीला ठेवलेल्या आहेत.

ही सूची कशी लावली आहे, तेही बघण्यासारखं आहे. पहिला विभाग ‘प्रिमा’. ज्या माणसांच्या कामामुळे वैद्यकाने मोठं वळण घेतलं, त्यांचे ग्रंथ इथे काळाच्या क्रमाने मांडले आहेत. हिपोक्रेटिस, गॅलेन, आणि त्याच रांगेत आपला इब्न सीना. परदेशी, परधर्मी, पूर्वेकडचा म्हणून त्याला वेगळ्या कपाटात ढकललेलं नाही. विद्येच्या एकाच साखळीची तो एक कडी आहे.

अलिफ ते काफ

हस्तलिखितांच्या विभागात ७५०८ या क्रमांकाखाली एक अरबी ग्रंथ आहे. इराणमधून तो ऑस्लरच्या हाती आला. ग्रंथकर्त्याचं नाव अबू जाफर अहमद अल्-गाफिकी. बाराव्या शतकातला अंदलुसचा, म्हणजे मुस्लिम स्पेनचा हकीम. कुर्तुबाच्या बाजूला गाफिक नावाचं ठिकाण होतं, त्यावरून हे नाव. ग्रंथाचा विषय ‘अल्-अदविया अल्-मुफरदा’, म्हणजे एकेरी औषधं : वनस्पती, खनिजं आणि प्राण्यांपासून मिळणारे पदार्थ.

ऑस्लर ग्रंथालयातली प्रत हिजरी ६५४, म्हणजे इसवी सन १२५६ ची आहे. दोनच वर्षांनी हुलागूखानाच्या फौजांनी बगदाद उद्ध्वस्त केलं. तिथल्या ग्रंथालयांचं काय झालं हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या वादळाच्या तोंडावर लिहिलेली ही प्रत वाचली. पूर्ण नाही, ग्रंथाचा पहिला भागच. अलिफपासून काफपर्यंत. आता, उर्दूची बाराखडी शिकलेल्याला वाटेल की काफपर्यंत म्हणजे बहुतेक सगळं झालं. तसं नाही. इथला क्रम अलिफ, बे, पे, ते असा नसून ‘अबजद’चा आहे, ज्या क्रमाने अक्षरांना आकडे देऊन आपल्याकडे बिस्मिल्लाहचे ७८६ मोजतात. त्या क्रमात काफ अकरावा येतो. उरलेली सतरा अक्षरं या प्रतीत नाहीत. तरी जे आहे त्यात साडेतीनशेहून अधिक रंगीत चित्रं आहेत : मुळांसकट झाडं, पानं, फुलं.

मी त्यातल्या काही पानांची छायाचित्रं पाहिली. चित्रं सुंदर आहेतच, पण मला गुंतवलं ते ग्रंथाच्या रचनेने. प्रत्येक अक्षराखाली आधी औषधांची माहिती आहे. डायस्कोरिडिस काय म्हणतो, गॅलेन काय म्हणतो, नंतरचे मुस्लिम हकीम काय म्हणतात, हे सगळं नावानिशी. मग दुसरा भाग येतो, तो फक्त नावांचा. एकाच वनस्पतीला अरबीत काय म्हणतात, युनानीत काय, फारसीत काय, बर्बर लोक काय म्हणतात, स्पेनमधले ख्रिस्ती काय म्हणतात. गाफिकीची तक्रारच ही होती की, नावांच्या गोंधळामुळे हकीम आणि अत्तार एका औषधाच्या जागी दुसरंच देतात.

‘सपिस्तां’खाली ‘भोकर’ लिहिणारे आमच्या गावचे हकीमसाहेब हेच तर करत होते. त्यांनी गाफिकीचं नावही ऐकलं नसेल. पण आठशे वर्षांपूर्वी कुर्तुब्याकडे जे काम सुरू होतं, तेच नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कंदिलाच्या उजेडात चालू होतं.

कुणाची विद्या?

अशा गोष्टी सांगितल्या की आपल्याकडे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. पहिली अभिमानाची : बघा, युरोपला सगळं आपणच शिकवलं. दुसरी रागाची : बघा, आपला खजिना गोऱ्यांनी पळवला. दोन्ही मी जलशांतून, व्हॉट्सअ‍ॅपवरून पुष्कळ ऐकल्या आहेत. तरुणपणी स्वतः केल्याही आहेत.

पहिलीबद्दल एवढंच म्हणेन की, गाफिकीचा ग्रंथ उघडला की हा अभिमान आपोआप जमिनीवर येतो. तो पानोपानी सांगतो की हे अमक्याचं, ते तमक्याचं. डायस्कोरिडिस ग्रीक. त्याला अरबीत आणणारे इस्तिफान इब्न बासील आणि हुनैन इब्न इसहाक हे दोघेही ख्रिस्ती, अब्बासी काळातल्या बगदादचे. त्यावर गाफिकी या मुसलमानाने ग्रंथ उभारला. त्या ग्रंथाचा संक्षेप तेराव्या शतकात इब्नुल इब्री या सुर्यानी ख्रिस्ती धर्मगुरूने केला. आणि विसाव्या शतकात कैरोमध्ये तो संक्षेप संपादित करून छापला ज्यू घराण्यात जन्मलेल्या जर्मन नेत्रवैद्याने, मॅक्स मायरहोफने. सोबत जॉर्जी सोभी हा इजिप्तचा कॉप्टिक ख्रिस्ती डॉक्टर. या साखळीतली कुठलीही एक कडी काढली तर ग्रंथ आपल्यापर्यंत पोचत नाही. ‘आपलं’ म्हणायचं तर या सगळ्यांसकट म्हणावं लागेल.

दुसरी प्रतिक्रिया अधिक अवघड आहे, कारण तिच्यात काही सत्य आहे. साम्राज्यांच्या काळात पूर्वेकडची पुस्तकं पश्चिमेकडे गेली, आणि ती सगळी न्याय्य मार्गाने गेली असं नाही. पण सगळी लुटीनेही गेली नाहीत. मॅकगिलचंच उदाहरण घ्या. केसी वूड हा तिथला आणखी एक मोठा देणगीदार, कॅनडात जन्मलेला नेत्रवैद्य. दहाव्या-अकराव्या शतकातला बगदादचा नेत्रवैद्य अली इब्न ईसा याच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर त्याने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच्यासाठी १९२० च्या दशकात व्लादिमिर इव्हानोव या रशियन अभ्यासकाने लखनौमधून अरबी-फारसी हस्तलिखितं विकत घेतली आणि ती माँट्रियलला गेली. विकत घेतली, याचा अर्थ कुणीतरी विकली. लखनौची जुनी घराणी खचत होती. घरात वाचणारं कुणी उरलं नाही की हस्तलिखिताची किंमत घरच्यांपेक्षा बाहेरच्याला जास्त कळते. त्या विकणाऱ्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. आमच्या गावी तर विकत घेणाराही आला नाही. वही थेट विहिरीत गेली.

आपल्या मातीतली गोष्ट

हा विषय आपल्यापासून लांबचा आहे असं वाटत असेल, तर अहमदनगरच्या निजामशाहीची आठवण करून देतो. सोळाव्या शतकात पोर्तुगालचा गार्सिया द ऑर्ता हा वैद्य गोव्यात राहत होता. बुरहान निजामशहाशी त्याची चांगली ओळख होती, वैद्य म्हणून तो त्याच्या दरबारी जात असे. तिथल्या अरबी जाणणाऱ्या हकिमांशी त्याच्या चर्चा होत. मुंबई बेटही त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ मध्ये गोव्यात त्याचं भारतातल्या औषधांवरचं पोर्तुगीज पुस्तक छापलं गेलं. हिंदुस्थानात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्यातही पद्धत तीच : वनस्पती घ्यायची आणि अरब तिला काय म्हणतात, गुजराती काय म्हणतात, दख्खनचे लोक काय म्हणतात, ते विचारायचं. इब्न सीना काय म्हणतो ते पाहायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं ते वेगळं असेल तर तसं सांगायचं.

ऑर्ता जबरदस्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यू कुटुंबातला होता. १५६८ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्याच्या धर्मन्यायालयाने जिवंत जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं कबरीतून उकरून तीही जाळली. पुस्तक मात्र वाचलं, कारण १५६७ मध्येच क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पमध्ये छापला होता आणि तो युरोपभर वाचला जात होता. ज्या पुस्तकाला वाचणारा भेटतो, ते मरत नाही. माणसाची हाडं जाळता येतात.

सांभाळणं म्हणजे काय

ऑस्लर ग्रंथालयावरही संकटं आली. २०१८ च्या जुलैमध्ये ते ज्या इमारतीत आहे तिच्या छतावर आग लागली. आग विझवताना पाणी खाली झिरपलं, ग्रंथालय बंद करावं लागलं, संग्रह दुसरीकडे हलवावा लागला. श्रीमंत विद्यापीठ, पण आग आणि पाणी तिथेही चुकत नाही. फरक असा की कुठलं पुस्तक कुठे होतं, हे त्यांना ठाऊक होतं. सूची होती. आमच्या विहिरीत काय बुडालं, याची यादी कुणाकडेच नाही.

आणखी एक. २०१४ मध्ये मॅकगिलच्याच विद्वानांनी गाफिकीच्या या प्रतीचं हुबेहूब छायामुद्रण अभ्यासलेखांसह प्रसिद्ध केलं. संपादक जमील रागेप आणि फेथ वॉलिस. त्या विद्यापीठात १९५२ पासून इस्लामी अध्ययनाची संस्था आहे. म्हणजे तिथे ग्रंथ आहे आणि शेजारी तो वाचायला शिकवणारेही आहेत. नुसतं कपाट असून भागत नाही. आमच्या मशिदीत पेटी होतीच की.

मी पंधरा-वीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवतो. पालक विचारतात, “सर, उर्दू शिकून नोकरी मिळेल का?” प्रामाणिक उत्तर देणं कठीण जातं. मराठी माध्यमात मुलं घालणाऱ्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत. मराठी आपली भाषा आहे आणि पोट भाषेच्या आधी येतं. पण आता मी त्यांना एवढं सांगतो की, आठवड्यातून दोन तास काढा, निदान अक्षरं ओळखू द्या. पणजोबांची वही हातात आली तर ती कुरआन आहे की खोकल्याचा नुस्खा, इतकं तरी मुलाला कळावं. त्या नुस्ख्यांनी आज उपचार करावेत असं मी मुळीच म्हणत नाही; आजारी पडलात तर डॉक्टरकडे जा. ऑस्लरनेही जुन्या ग्रंथांतून औषध दिलं नाही. पण कुठल्या गावात कुठले आजार होते, काय पिकत होतं, कुठल्या भाषेत माणसं एकमेकांशी बोलत होती, हे त्या वह्यांत आहे. इतिहासाच्या पुस्तकात आपण सापडत नाही अशी आपली तक्रार असते. आपण ज्या कागदांत सापडलो असतो ते आपणच बुडवत असू, तर तक्रार कुणाकडे करायची?

रमजाननंतर मशिदीच्या सदरसाहेबांशी बोललो. मौलानांनीही दुजोरा दिला. आता त्या लोखंडी पेटीशेजारी एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. वर मराठीत आणि उर्दूत लिहिलं आहे : ‘हाताने लिहिलेले जुने कागद इथे ठेवा. आधी वाचून पाहू.’ महिन्याच्या पहिल्या जुम्याला मी आणि दहावीतली दोन मुलं तो उघडतो. बहुतेक वेळा उधारीच्या चिठ्ठ्या निघतात, लग्नाच्या पत्रिका निघतात. एकदा १९४० च्या सुमाराचं एक निकाहनामा निघाला, एकदा कुणाच्या तरी आजीने लिहिलेली मीलादची वही. प्रत्येक कागद कुणाचा, कुठून आला, हे एका रजिस्टरमध्ये लिहितो, फोनवर फोटो काढतो आणि कागद ज्याचा त्याला परत देतो.

त्या अकरा पानांचीही मी नक्कल केली आणि मूळ पानं माझ्या विद्यार्थिनीला नेऊन दिली. तिने विचारलं, “सर, वाचून दाखवता?” तिची अम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी वाचत गेलो. ‘भोकर’ आलं तेव्हा अम्मी म्हणाली, “ते झाड होतं आपल्या परसात. तोडलं.”

रजिस्टरमधली पहिली नोंद त्या अकरा पानांची आहे.